जमिनीखालून केबल: थेट पुरायची की पाईपातून न्यायची? इंदूरच्या काळ्या मातीत करायचं काम, टप्प्याटप्प्यानं

बोअरिंगच्या मोटरला, गेटवरच्या दिव्यांना, मागच्या आउटहाउसला किंवा पार्किंगमधल्या ईव्ही चार्जरला लाईन न्यायची असली की राजेंद्र नगरपासून बिचोलीपर्यंत एकच पद्धत दिसते. फूटभर चर, त्यात नळाचा पाईप, पाईपात भिंतीत घालतात ती साधी वायर आणि वरून निघालेलीच माती. पहिला पावसाळा निभतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मेन स्विच पडायला लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पडत नाही आणि ओल्या अंगणात करंट उतरतो. दुरुस्तीसाठी पेव्हर उखडले की कळतं, पाईप पाण्यानं भरलाय आणि वायरचं आवरण फुगलंय.

हे सगळं टाळता येतं. फक्त कामाचा क्रम पाळावा लागतो आणि चार निर्णय चर खोदण्याआधी घ्यावे लागतात.

इथे लिहिलेलं सगळं मीटरच्या पुढच्या, म्हणजे तुमच्या मालकीच्या लो-व्होल्टेज लाईनबद्दल आहे. खांबापासून मीटरपर्यंतची बाजू वीज कंपनीची (आपण अजूनही तिला एमपीईबीच म्हणतो). तिला हात लावायचा नाही. जोडणी आणि चाचणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. चर, रेती, पाईप, विटा यांवर मात्र तुम्ही स्वतः उभं राहून लक्ष ठेवू शकता, आणि बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

## १. आधी मार्गाचे तुकडे पाडा

"थेट पुरू की पाईप टाकू?" असा प्रश्न संपूर्ण लाईनसाठी एकदाच विचारला जातो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. एकाच लाईनच्या वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळं उत्तर असतं. कागदावर घराचा नकाशा काढा, मार्गाची रेघ ओढा आणि प्रत्येक तुकड्याच्या वर काय आहे ते लिहा.

बाग, मोकळं अंगण, शेत, कुंपणाकडेची पट्टी: इथे आर्मर्ड केबल (आत लोखंडी तारांचं कवच, म्हणजे आर्मर असलेली) थेट पुरा. उष्णता मातीत नीट जाते, पाणी साचायला पोकळी नसते आणि खर्च कमी येतो. बिघाड झालाच तर जागा शोधून तेवढंच खोदता येतं.

गाडीचा रस्ता, पार्किंग, पेव्हर, काँक्रीट, पायऱ्या, भिंतीखालून जाणारा भाग: इथे पाईप. पुढे केबल बदलायची वेळ आली तर फरशी फोडावी लागू नये, एवढ्यासाठी. गाडीचा भारही पाईप झेलतो.

पुढे लोड वाढणार हे आजच माहीत असेल (वरचा मजला चढवायचा आहे, दुसरा चार्जर लागणार आहे), तर त्या बाजूला फरशीखालून एक जास्तीचा रिकामा पाईप टाकून ठेवा. फरशी एकदा बसली की हाच पाईप कितीतरी पट महाग पडतो.

माझं मत स्पष्ट आहे: मोकळ्या जागेत शंभर टक्के पाईप टाकण्याचा आग्रह पैसे वाया घालवतो, आणि पार्किंगखाली केबल थेट पुरणं पुढच्या माणसावर अन्याय आहे. बहुतेक घरांत योग्य उत्तर मिश्र निघतं.

सावधान: "पाईप आहे, मग आर्मर्ड कशाला?" हा तर्क चुकीचा आहे. जमिनीतला पाईप कधी ना कधी पाण्यानं भरतोच. सांध्यातून झिरपतं, तोंडातून शिरतं, हवेतला दमटपणा आत थंड होऊन थेंब धरतो. म्हणून आतली केबलही पाण्यात राहू शकेल अशीच हवी. आयएस (भारतीय मानक) ६९४ ची घरगुती वायर जमिनीखाली, पाईपात असो वा नसो, घालायची नाही.

## २. लोड आणि केबलचा आकार

इथे दोन गोष्टी तपासायच्या: केबल तापणार किती, आणि टोकाला व्होल्टेज पोहोचणार किती.

तापण्याचा संबंध थेट पुरणं आणि पाईप यांच्याशी आहे. थेट पुरलेल्या केबलभोवती माती चिकटून असते. पाईपात केबलभोवती हवा असते आणि हवा उष्णता सहज बाहेर सोडत नाही. त्यामुळे तीच केबल पाईपात कमी करंट वाहू शकते. पीव्हीसी इन्सुलेशनची १६ चौरस मिमीची चार कोर (आत चार वेगळ्या तारा असलेली) अॅल्युमिनियम केबल घ्या. कंपन्यांच्या तक्त्यात तिच्यापुढे जमिनीत साधारण ६० अँपिअर आणि डक्टमध्ये, म्हणजे पाईपात, साधारण ५० अँपिअर असे आकडे दिसतील. मार्गाचा काही मीटरांचा तुकडा जरी पाईपात असला, तरी सगळ्या लाईनसाठी पाईपाचाच आकडा धरा. एकाच चरीत दोन-तीन केबली शेजारी-शेजारी असतील तर तो आणखी खाली येतो.

आता व्होल्टेज. ७.४ किलोवॅटचा सिंगल फेज ईव्ही चार्जर ३२ अँपिअर घेतो, तेही तासन् तास. मीटरपासून ३० मीटर अंतर आहे असं धरू. १० चौरस मिमी अॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम असतो. तापल्यावर तो साधारण ३.७ होतो. जाण्या-येण्याची मिळून ६० मीटर तार, म्हणजे सुमारे ७ व्होल्टची घट, २३० व्होल्टच्या तीन टक्क्यांच्या थोडी वर. १६ चौरस मिमी घेतली (१.९१ ओहम प्रति किलोमीटर) तर घट साडेचार व्होल्टच्या आत राहते. मी इथे १६ च घेईन. किमतीतला फरक चर खोदण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे.

एमसीबीचा (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) आकडा नेहमी केबलच्या क्षमतेपेक्षा कमी ठेवा. केबल जपणं हे एमसीबीचं काम आहे, म्हणून तो यंत्रावरचा आकडा बघून निवडायचा नसतो.

## ३. खरेदी: दुकानात काय बघायचं

- केबल: एक्सएलपीई इन्सुलेशनची असेल तर आवरणावर आयएस ७०९८ भाग १, पीव्हीसीची असेल तर आयएस १५५४ भाग १ छापलेलं असावं. आर्मर्डच घ्या. इथल्या जमिनीत घूस आणि वाळवी दोन्ही आहेत. साधं प्लॅस्टिक त्यांच्यापुढे टिकत नाही.
- पाईप: जमिनीखालच्या केबलसाठीचा डीडब्ल्यूसी, म्हणजे दुहेरी भिंतीचा एचडीपीई पाईप, आयएस १४९३० चा. बाहेरून खाचा, आतून गुळगुळीत. नळाचा पांढरा पाईप वजनाखाली चिरतो आणि त्याच्या एल्बोत केबल वळत नाही.
- पाईपाचा आतला व्यास: केबलच्या व्यासाच्या किमान दीडपट, लांब किंवा वळणाच्या मार्गावर दुप्पट. दुकानदार बाहेरचा व्यास सांगतो. ६३ मिमीचा पाईप आतून साधारण ५० मिमीच असतो.
- बाकी: केबलला बसणारी डबल कम्प्रेशन ग्लँड (पेटीत शिरताना केबल आणि आर्मर घट्ट धरणारी), लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची टोपी), केबलच्या टोकांच्या टोप्या, धोक्याची फीत, विटा, बारीक रेती.

तपासणी: केबल घरी आली की चरीत टाकण्याआधी मेगर (इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारं यंत्र) लावून घ्या. नव्या केबलचं इन्सुलेशन शेकडो मेगाओहम दाखवायला हवं. आकडा कमी आला तर केबल परत करायची वेळ हीच. चरीत गेल्यावर दुकानदार ऐकणार नाही. कापलेली टोकं लगेच टोपीनं किंवा चिकट टेपनं बंद करा. उघड्या टोकातून ओल आत शिरते आणि कोरच्या तारांमधून लांबवर सरकते.

## ४. जमीन समजून घ्या, मग खोदा

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात. पावसात ती फुगते. केबलसाठी याचे तीन परिणाम होतात. भेग पडली की केबलभोवतीची माती सुटते, हवेची पोकळी होते आणि थेट पुरण्याचा थंडाव्याचा फायदा जातो. माती हलते तेव्हा ताणून टाकलेली केबल ग्लँडमधून ओढली जाते आणि कडक पाईपाचे सांधे उघडतात. तिसरं म्हणजे ही माती पाणी खाली सोडत नाही. चेंबरच्या (पाईपाच्या मार्गातल्या, केबल ओढण्यासाठीच्या झाकणाच्या खड्ड्याच्या) तळाशी गिट्टी टाकली की पाणी मुरेल ही समजूत मुरमाच्या जमिनीत चालते, काळ्या मातीत नाही. तिथे चेंबर हौदासारखं भरून राहतं.

म्हणून आधी एका जागी अडीच फुटांचा खड्डा करून बघा. काळी माती किती, मुरूम कुठे लागतो, खडक आहे का, हे कळतं. पुढचे निर्णय त्यावर ठरतात.

खोदायचा चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात काळी माती दगडासारखी होते, आणि पाऊस लागल्यावर चरीच्या कडा ढासळतात.

खोदण्याआधी नर्मदेच्या पाण्याची लाईन, ड्रेनेज, गॅसची लाईन आणि जुन्या केबली कुठून गेल्यात ते विचारून घ्या, नकाशावर उतरवा. त्यांच्यापासून किमान एक फूट अंतर ठेवा. मार्ग घराबाहेरच्या रस्त्यातून जात असेल तर नगर निगमची परवानगी घेतल्याशिवाय कुदळ मारू नका.

खोली: आयएस १२५५ प्रमाणे लो-व्होल्टेज केबल ७५० मिमी खोल, रस्ता ओलांडताना १ मीटर. मजुरांच्या भाषेत अडीच फूट आणि सव्वातीन फूट. ही खोली केबलची आहे, खाली रेती येणार म्हणून चर आणखी तीन इंच खोल हवी. रुंदी एक-सव्वा फूट पुरते.

सावधान: पाईप टाकला म्हणून खोली कमी करायची नाही. खडक लागल्यामुळे खोली मिळतच नसेल तर तेवढ्या भागात पाईप टाकून वर १०० मिमी काँक्रीट ओता आणि ती जागा नकाशात ठळक नोंदवा.

## ५. तळ

चरीचा तळ सपाट करा, टोकदार दगड वेचून काढा. त्यावर ७५ मिमी बारीक, चाळलेली रेती. नर्मदेची रेती येते तिच्यात खडे असतात, ते चाळूनच टाका. काळ्या मातीच्या जमिनीत मी रेतीत थोडा चाळलेला मुरूम मिसळायला सांगतो. निव्वळ रेती उन्हाळ्यात पार कोरडी पडते आणि कोरडी रेती उष्णता अडवते. थोडी बारीक माती असली की ओल धरून राहते.

## ६. पाईपाचे तुकडे बसवणं

केबल येण्याआधी पाईप बसून तयार हवेत.

उतार कुठे द्यायचा हे आधी ठरवा. पाईप घराकडून बाहेर उतरला पाहिजे. उलटा उतार दिला तर अंगणातलं पाणी पाईपातून थेट तुमच्या डीबीपर्यंत (घरातल्या स्विच-एमसीबींच्या पेटीपर्यंत) येतं. पॅनलच्या तळाशी पाणी दिसलं की लोक छताची गळती शोधत बसतात, आणि पाणी आलेलं असतं चार्जरच्या पाईपातून.

दोन चेंबरांमधल्या पाईपात काटकोनाची दोनच वळणं, त्याहून जास्त नाहीत. सरळ मार्गातही २५ ते ३० मीटरवर एक चेंबर द्या. वळण मोठ्या गोलाईचं हवं. अनेक कोर असलेल्या आर्मर्ड केबलला तिच्या व्यासाच्या बारा पटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायचं नसतं. २२ मिमी जाडीच्या केबलसाठी ती त्रिज्या सुमारे २६५ मिमी येते. नळाच्या एल्बोत हे शक्यच नाही.

काळ्या मातीत चेंबरचं झाकण जमिनीपेक्षा दोन इंच वर ठेवा आणि शक्य असेल तर चेंबर मुरूम लागतो तिथे घ्या. पाईपाची कापलेली कडा कानसेनं गोल करा. ती केबलचं आवरण ब्लेडसारखी कापते. शेवटी पाईपात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बांधून ठेवा आणि तोंडं चिंधीनं बंद करा, नाहीतर रात्रीत माती जाऊन बसते.

लोखंडी पाईप वापरत असाल (गेटखाली बरेच जण वापरतात), तर त्या सर्किटचे फेज आणि न्यूट्रल एकाच पाईपातून जाऊ द्या. एकच कोर वेगळ्या लोखंडी पाईपातून नेला तर पाईपच तापतो.

तपासणी: केबलएवढ्या जाडीचा लाकडी गोळा दोरीला बांधून एकदा आरपार ओढा. तो अडकला तर केबलही अडकणार.

## ७. केबल टाकणं

केबलची गुंडाळी आडवी ठेवून वेटोळी उपसू नका. पीळ पडतो आणि आर्मरच्या तारा उघडतात. ड्रम किंवा गुंडाळी फिरती ठेवा आणि चरीच्या कडेनं माणसं उभी करून हातावरून सोडा. दगडावरून फरपटवायची नाही.

पाईपातून ओढताना शंखजिऱ्याची पूड किंवा केबलसाठीचं वंगण वापरा. इंजिन ऑइल आणि ग्रीस चालत नाही, ती पीव्हीसीचं आवरण नरम करतात. एक माणूस ओढेल, दुसरा मागून भरवेल. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि कारण शोधा.

थेट पुरलेल्या भागात केबल हलक्या नागमोडीनं टाका आणि दोन्ही टोकांना किमान एक मीटर जास्तीची ठेवा. काळ्या मातीची हालचाल या सैलपणात जिरते, आणि पुढे ग्लँड बदलायची वेळ आली तर तीच लांबी कामी येते.

सावधान: पाईपात जोड कधीच नाही. मातीतही टाळा, अखंड केबल घ्या. अगदी गत्यंतर नसेल तर रेझिनच्या जॉइंट किटनं, चेंबरमध्ये, नकाशावर खूण करून.

## ८. झाकण्याआधी पुन्हा मेगर

हा टप्पा सर्वात जास्त वगळला जातो, कारण मजूर फावडं घेऊन उभे असतात. चर उघडी असताना पाच मिनिटांत प्रत्येक कोर ते कोर आणि कोर ते आर्मर तपासा. आधीच्या आकड्याशी ताडून बघा. ओढताना आवरण फाटलं असेल तर ते आत्ता सापडेल. फोटोही आत्ताच काढा: चरीत टेप उभी धरून, मागे घराचा कोपरा किंवा खांब दिसेल असा, दर पाच-सात मीटरवर एक. पक्क्या कोपऱ्यापासूनची मापं नकाशावर लिहा.

## ९. भरणं

केबलवर ७५ मिमी रेती. तिच्यावर आडव्या विटा, एकमेकींना लागून. वीट केबल वाचवते आणि पुढे खोदणाऱ्याला सांगते की खाली काहीतरी आहे. पाईपाच्या भागात विटांची गरज नाही, पण पाईपाच्या दोन्ही बाजूंना रेती नीट ठासून भरा, नाहीतर वजन पडल्यावर पाईप अंडाकृती होतो.

मग चाळलेली माती, सहा-आठ इंचांच्या थरांनी. पहिला फूटभर थर पायानं दाबा, यंत्र नको. जमिनीच्या सुमारे एक फूट खाली धोक्याची फीत, मजकूर वरच्या बाजूला ठेवून. काळ्या मातीत वरती दोन इंच उंचवटा ठेवा, पहिल्या पावसात तो खाली बसतो. पेव्हर लावायचे असतील तर ते एका पावसाळ्यानंतरच लावावेत असं मी सांगेन. घाई असेल तर वरचे थर मुरमाचे भरा.

## १०. टोकं, अर्थिंग, संरक्षण

केबल जमिनीतून वर येते ती जागा सर्वात कमकुवत. तिथे भिंतीला जीआय पाईप क्लॅम्पनं बांधा, म्हणजे फावडं किंवा गाडीचा बंपर लागणार नाही. जमिनीतल्या प्रत्येक पाईपाचं तोंड केबलभोवती सीलिंग कम्पाउंडनं बंद करा. घूस, पाली आणि पाणी, तिघांनाही हाच रस्ता सापडतो.

आर्मर ग्लँडमध्ये घट्ट बसलं पाहिजे आणि दोन्ही टोकांना अर्थला जोडलं पाहिजे. नुसतं टेपनं गुंडाळून सोडलेलं आर्मर धोक्याचं आहे: केबलला इजा झाली तर ते जिवंत होतं आणि एमसीबीला पत्ताही लागत नाही. घरगुती कामात आर्मरवर विसंबू नका, सोबत वेगळी अर्थ वायर न्या.

अॅल्युमिनियम कोर तांब्याच्या पट्टीला किंवा टर्मिनलला थेट जोडायची नाही. बायमेटॅलिक लग (एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) लावून हातोडीनं नव्हे, क्रिम्पिंग टूलनं दाबा. बाहेरच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. चार्जरसाठी तो कोणत्या प्रकारचा हवा हे चार्जरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तोच घ्या.

सावधान: मेगर लावण्याआधी चार्जर, स्टार्टरमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, एलईडी ड्रायव्हर सगळं सोडवा. मेगरच्या ५०० व्होल्टमध्ये ती जळतात.

## ११. चालू करणं

तिसरं मेगर जोडणीनंतर, मग अर्थची सलगता, मग बिनलोड वीज, मग आरसीसीबीचं टेस्ट बटण. त्यानंतर पूर्ण लोड. अर्धा-पाऊण तास चार्जर किंवा मोटर चालवून दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजा आणि हिशेबाशी जुळवा. घट हिशेबाच्या दुप्पट दिसली तर एखादा लग ढिला आहे. वीज बंद करून तो शोधा, एमसीबी मोठा करून प्रश्न सुटत नाही.

नकाशा, फोटो आणि मेगरचे तिन्ही आकडे तारखेसह एका कागदावर लिहून डीबीच्या दाराच्या आत चिकटवा. पहिला पावसाळा संपला की, म्हणजे ऑक्टोबरात, चेंबर उघडून पाणी बघा, खचलेली माती भरून घ्या आणि मेगरचा चौथा आकडा त्याच कागदावर लिहा. आकडा थोडा उतरणं चालतं. शेकड्यातून एकदम एक-दोन मेगाओहमवर आला असेल तर लाईन बंद करून आधी ग्लँड आणि पाईपाची तोंडं तपासा, पाणी बहुधा तिथूनच शिरलेलं असतं.